पाचव्या बाकावरची इफी

पेपरमिंटची पांढरी गोळी जिभेखाली ठेवली आणि चावायचा मोह टाळला, तर बारा मिनिटं पुरते. गाल आतून कोरडे असले तर तेरा. तीस वर्षांच्या प्रवचनांतून इफी मॅकलेननने हे पक्कं केलेलं होतं. शुक्रवारी दुपारी ईव्हर मॅकॉले बोलायला उभा राहिला तेव्हा तिने नवी गोळी तोंडात टाकली. तो खाली बसला तेव्हा तिसरी अर्धी झाली होती.

प्रभुभोजनाच्या आठवड्यातला शुक्रवार पुरुषांचा. कोणीतरी उठून एक वचन सुचवायचं आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातल्या पुरुषांनी एकेक करून सांगायचं, की खरा भक्त कशावरून ओळखावा आणि ढोंगी कशावरून. बायकांनी ऐकायचं. यंदाचं वचन होतं जिवेभावे देवाची सेवा करण्याचं. ईव्हरने डोळे मिटले, आवाज खाली नेला आणि आपण किती नीच पापी आहोत हे अशा थाटात सांगितलं, की एवढ्या उत्तम प्रतीचा पापी अख्ख्या लुईस बेटावर दुसरा नसावा. त्याच्यानंतर जो उठला त्याचा जीव मेंढ्यांत होता आणि भाव लिलावात. तिसऱ्याने पहिल्या दोघांचंच पुन्हा सांगितलं, फक्त हळू.

इफी स्टॉर्नोवेच्या इस्पितळात रक्त तपासायची. काचेवरच्या थेंबात काय खरं आणि काय बिघडलेलं हे तिला एका नजरेत कळे, आणि माणसांच्या बाबतीतही कळतं याबद्दल तिला शंका नव्हती. ईव्हरबद्दल तर पुरावाच होता. तीस वर्षांपूर्वी तिचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. ईव्हर दर बुधवारी प्रार्थनासभेत त्यांच्यासाठी गळा भरून प्रार्थना करायचा. त्याचं घर त्यांच्यापासून चौथं होतं. दोन वर्षांत त्याने एकदाही त्यांचं दार ठोठावलं नाही. अंत्यविधीला मात्र तो शवपेटीला पहिला खांदा द्यायला हजर होता, काळे हातमोजे घालून.

त्याच सुमारास, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, इफीला देव खरा वाटू लागला होता. शनिवारी वडीलमंडळासमोर जायचं, आपली श्रद्धा सांगायची आणि रविवारी पांढऱ्या कापडाच्या मेजाशी बसून प्रभूची भाकर घ्यायची, एवढंच करायचं होतं. ती गेली नाही. पुढच्या वर्षीही गेली नाही. मग पाचव्या बाकावरून बघत राहायची सवय झाली. गावाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. जन्मभर प्रवचनं ऐकून मेजाला हात न लावता मेलेली माणसं दर घरात होती, आणि त्यांच्याबद्दल लोक आदराने बोलत, की बिचारा स्वतःला लायक समजत नव्हता. इफीबद्दलही तेच बोललं जाई. ती ते बोलू देई. पण दर वर्षी ते कापड अंथरलं जाई आणि ताटातली भाकर हातोहात पुढे सरके, तेव्हा तिच्या पोटात खरोखरीची भूक उठे. सकाळी भरपेट खाल्लेलं असलं तरी.

देवाची बाकीची कामं तिने सोडली नव्हती. चर्च झाडणं, म्हाताऱ्यांची औषधं पोचवणं, आणि या आठवड्यात बाहेरगावच्या पाहुण्यांना ठेवून घेणं. यंदा दोघी पाहुण्यांखेरीज हॅरिसहून डोलीना आत्या आली होती, वडिलांची चुलत बहीण, वय एक्क्याऐंशी. शुक्रवारी जेवताना इफीने ईव्हरची नक्कल केली. डोळे मिटून, डाव हातात धरून. बाकीच्या दोघी पाहुण्या सुपाच्या वाटीत तोंड लपवून हसल्या. आत्या माशाचे काटे काढत राहिली.

शनिवारी सकाळी दोघी रविवारचे बटाटे सोलायला बसल्या. आत्याने विचारलं, आज वडीलमंडळासमोर जाणार का? इफीने नेहमीचं उत्तर दिलं, की आपली लायकी नाही.

"हे मंडळीला सांग. मला नको," आत्या म्हणाली. "काल जेवताना लायकी कोणाची नाही हे तू वाटीवाटीने वाढत होतीस. त्यात तुझं नाव काही आलं नाही."

मग इफीने वडिलांची गोष्ट सांगितली, दोन वर्षं, चौथं घर, हातमोजे, सगळं. शेवटी म्हणाली, की त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून प्रभूची भाकर आपल्या घशाखाली उतरणार नाही.

आत्याने बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने उकरून काढला.

"ईव्हर गाढव आहे. देवाला हे तुझ्या आधीपासून ठाऊक आहे, त्याला तुझ्या अहवालाची गरज नाही. पण ते गाढव दर वर्षी भूक लागली म्हणून गोठ्यात तरी जातं. तू गं? लग्नात मान मिळाला नाही म्हणून मांडवाबाहेर बसणारी मावशी असते ना, ती तू. आणि वर लोक म्हणतात, किती नम्र!"

"मी काय कमी करते का देवाचं?"

"भांडी घासतेस. जेवत नाहीस. याला सेवा म्हणत नाहीत, पोरी. रुसवा म्हणतात."

इफीने पुढचा बटाटा उचलला. ती चिडली होती, आणि चिडण्यासारखं नेमकं कोणतं वाक्य खोटं होतं ते शोधत होती. बारा बटाटे सोलून होईपर्यंत तिला एकही सापडलं नाही. लोकांच्या दोषांचा तिने एवढा बारकाईने अभ्यास केला होता, तो तिला एकाएकी अतिशय स्वस्त वाटला. शाळकरी मुलीच्या वहीसारखा. ईव्हर त्याने सुधारला नव्हता, वडील परत आले नव्हते, आणि तिचं ताट रिकामं राहिलं होतं.

दुपारची उपासना संपल्यावर चर्चच्या पाळकांनी जाहीर केलं, की वडीलमंडळ मागच्या खोलीत बसलेलं आहे, ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. लोक बाहेर पडून वाऱ्यात टोप्या सांभाळू लागले. इफी उलट दिशेने गेली. दार उघडलं ते ईव्हरनेच. तिला बघून तो म्हणाला, हीटर चालतोय, पण चहाची किटली मात्र गळते, बघशील का? मग तिच्या हातात झाडू-फडकं काही नाही हे बघून तो थांबला. त्याच्या कॉलरला पावडर लागली होती. ते तिला दिसलं, आणि दिसलं याचा तिला कंटाळा आला.

आत पाळक आणि आणखी दोघं उठून उभे राहिले. पाळकांनी हळूच विचारलं, की काही अडचण आहे का?

"नाही," इफी म्हणाली. तिचा आवाज तिला अपेक्षेपेक्षा मोठा ऐकू आला. "माझा येशूवर विश्वास आहे. तीस वर्षं आहे. उद्या मला मेजाशी बसायचंय. ईव्हरच्या शेजारी जागा असली, तरी तिथे बसेन."