छत्री जोडली त्या दुपारी

डिश बसवायचं काम दोन माणसांचं असतं. एकाने बाहेर छत्री फिरवायची आणि दुसऱ्याने आत टीव्हीसमोर उभं राहून बोंबलायचं, "आलं, आलं... गेलं! मागे घे, मागे!" तिच्या घरात माणसं होती दोनच, आणि त्यातल्या दुसऱ्याला अजून दात यायचे होते.

नवऱ्याने नव्या गावात सामान लावून दिलं, गॅस जोडून दिला आणि तो कामाच्या जागी निघून गेला. तिथून महिन्याकाठी एकदा यायचा. छत्री पलंगाखाली चादरीत गुंडाळून पडली होती. कंपनीचा माणूस फोनवर "उद्या नक्की, मॅडम" म्हणायचा, पण त्याचा तो उद्या काही उजाडत नव्हता.

तिला टीव्हीचं फार वेड होतं असं नाही. पण दुपारी एक मालिका लागायची. लग्न झाल्यापासून ती आपल्या घरी, आई तिच्या घरी, आणि फोन कानाला लावून दोघी ती बघायच्या. बघायच्या कसल्या, मालिकेतल्या अख्ख्या घराण्याचा उद्धार करायच्या. "आता रडेल बघ," आई म्हणायची. "रडली भवानी!" मग त्या रडण्याच्या आडून बाकीचंही निघायचं. आईचे गुडघे, शेजारणीचा कुत्रा, बाबा गेल्यापासून न उघडलेलं त्यांचं कपाट.

इथे आल्यापासून मालिका नाही, आणि बोलणंही आटत चाललं होतं. "जेवलीस?" "जेवले. तू?" "हो. बाळ?" "बरा आहे." मग आईच म्हणायची, "बरं, ठेवते." काल तर तेसुद्धा आईच्या आधी लेकीनेच म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, असंच होत होत एक दिवस आईशी कामापुरतंच बोलणं उरेल. ते काही नाही, आज मालिका लागायच्या आत छत्री जोडायचीच.

"अगं, नसत्या उचापती करू नकोस," नवरा फोनवर म्हणाला. "बाळाला काही लागलं बिगलं तर?"

"अरे, त्याला खुर्चीत पट्टा लावून बसवलंय."

"मग ठीक आहे. पण जपून."

ते त्याने सांगायची गरज नव्हती. सकाळपासून ती स्वतःला दुसरं काही सांगतच नव्हती. नट-बोल्ट फ्रिजवर ठेवले होते. एखादा खाली पडून त्याच्या तोंडात जाईल म्हणून फरशी झाडली होती, आणि झाडल्यावर पुन्हा हात फिरवून बघितली होती.

बाल्कनीच्या कठड्याला तिने छत्री आवळली, तोंड रस्त्याकडे केलं आणि आत धावली. पडद्यावर "सिग्नल नाही". पुन्हा बाहेर, दोन बोटं डावीकडे, पुन्हा आत. नाही. उजवीकडे. नाही. बाळ खुर्चीत बसून तिच्या येरझाऱ्या बघत होतं, टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या.

दमून ती कठड्याशी टेकली. समोरच्या इमारतीवर छत्र्याच छत्र्या होत्या. सगळ्यांची तोंडं तिच्या दिशेने, पण जराशी वर, तिच्या डोक्यावरून पलीकडे लागलेली. एवढ्या जणी समोर, पण तिच्याकडे बघणारी एकही नाही.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या घरी छत्री रस्त्याकडे बघायची, म्हणून तिने इथेही ती रस्त्याकडेच वळवली होती. घर बदललं म्हणून उपग्रह काय सामान बांधून मागोमाग येणार होता? आणि म्हणे भौतिकशास्त्रात पहिला वर्ग! ती एकटीच मोठ्याने हसली. ती हसली म्हणून बाळही हसलं.

म्हणजे छत्री घराच्या मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बाहेर काढायला हवी होती. तिथल्या जाळीला कपडे वाळत घालायचं छोटं दार होतं. त्यातून तिने छत्री तिरकी करून बाहेर सारली आणि जाळीच्या गजाला क्लॅम्प ठोकायला लागली.

"ओ ताई!" खालच्या मजल्यावरून एका माणसाचा आवाज आला. "घर पाडताय का बांधताय?"

"छत्री बसवतेय, काका! झालंच!"

"मग ठोका, ठोका. माझी झोप काय, मोडलीच आहे."

खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. या इमारतीत आजवर कोणी तिच्याशी इतकं बोललं नव्हतं. आणखी दोन वाक्यं बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटलं.

आता अडचण अशी की स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नव्हता. तिने कपाटाच्या दारावरचा आरसा उतरवला आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून त्याच्यामागे दोन उशा कोंबल्या. आरशात अर्धा टीव्ही दिसत होता आणि अर्धं बाळ. दोघांवर नजर ठेवत तिने छत्री केसाकेसाने सरकवली. आरशात सिग्नलची पट्टी उलट्या बाजूने वाढली, थबकली, मागे गेली. "गेलं!" ती स्वतःलाच ओरडली. "मागे घे!" तिने मागे घेतली. पट्टी हिरवी झाली आणि कोणीतरी बाई तिच्या घरात बोलायला लागली. तिने पान्याने नट गच्च आवळला आणि फोन उचलला.

"आई, लाव लवकर! सुरू होतंय! छत्री जोडली मी. एकटीने!"

"अगं, मी बघतच नाही आता ती."

"म्हणजे?"

"तू नाहीस तर कोणाबरोबर बघू? एकटीने शिव्या घालायच्या आणि एकटीनेच ऐकायच्या. मी तो टीव्हीच काढून टाकला बाई. देऊन टाकला."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस."

इतके दिवस ती समजत होती, आई तिकडे बघते आहे, आपलंच अडलं आहे. तिने बाळाला कडेवर घेतलं आणि खाली बसली. आता आई "बरं, ठेवते" म्हणणार होती. त्याआधी आई घेते तो श्वास तिला ऐकू आला.

"थांब, मी सांगते काय चाललंय ते," ती घाईने म्हणाली. "थोरली सून आलीये. नवीन साडी नेसलीये, मिरवतेय नुसती."

"मिरवणारच. आणि धाकटी?"

"धाकटी दारात उभी आहे. रागावलीये."

"रडेल बघ."

"रडतेय, रडतेय!"

"भवानी," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार आली.

भाग संपला. पडद्यावर नावं सरकली आणि एक माणूस साबण दाखवू लागला.

"मग?" आईने विचारलं.

"मग... धाकटी बॅग भरतेय," ती म्हणाली. "रागारागात चुकून थोरलीची नवी साडीच भरलीये."

"हं. पुढे?"

"सासरे दार अडवून उभे आहेत."

साबण गेला, दंतमंजन आलं. बाळ तिच्या खांद्यावर पेंगू लागलं.

"आजचा भाग बराच लांबला गं," आई म्हणाली.

"हो ना. आज मोठा भाग आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"असू दे," आई म्हणाली. "मी पाय पसरून बसते. तू सांग."