गुडघ्याचं कलम

"हात लावू नका गं मला! माझी मी उठते."

असं ती म्हणाली खरी, पण उठणं काही जमेना. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या दोन रांगांमध्ये ती उकिडवी बसली होती, आणि बसली ती बसलीच. ओल्या मातीत एक हात रोवला, दुसऱ्यानं गुडघा दाबला, दात आवळले. गुडघा आतून करकरला आणि बाई पुन्हा होती तिथंच. शेवटी शेजारच्या रांगेतल्या ठेंगणीनं एका बाजूनं आणि आणखी एकीनं दुसऱ्या बाजूनं काखेत हात घालून तिला वर काढलं, मुळा उपटावा तशी.

"सकाळपासून तिसरी खेप," ठेंगणी म्हणाली. "उद्या वरच्या वाशाला कप्पीच टांगते. दोर ओढला की तू वर."

"आधी तुझ्या जिभेला लगाम घाल, मग कप्पी टांग."

सगळा गाव तिला कलमवाली म्हणायचा. चाळीस पावसाळे तिनं त्या जाळीखाली काढले होते. आंब्याच्या कोवळ्या खुंटाचं डोकं उडवायचं, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाच्या काडीला दोन्हीकडून पाचरीसारखं तासायचं, त्या चिरेत बसवायचं, वरून पट्टी आवळायची आणि काडीवर प्लास्टिकची टोपी चढवायची. सालीला साल अशी मिळाली पाहिजे की नखालासुद्धा सांधा लागू नये. शंभरात पंच्याण्णव कलमं धरायची तिची. बाकीच्या बायका साठ-सत्तरवर खूश. मात्र हे सगळं काम मातीला चिकटून, उकिडवं बसून, बदकासारखं पुढं सरकत. चाळीस वर्षांत गुडघ्यांनी किती कोस कापले असतील, कोण मोजणार! डावा कसाबसा टिकला. उजव्यानं मान टाकली.

मालक पलीकडून बघत होता. तो चड्डीत होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती, त्यामुळे मालक असला तरी तो "तू"च.

"मावशी, बास झालं आता," तो म्हणाला. "फाटकाशी खुर्ची टाकून देतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेव."

"कुत्रं पाळ की मग. ते भुंकेल तरी."

"चेष्टा नाही करत मी. तुला उठवायला दोन बायांचं काम खोळंबतं. पावसात हंगाम सुरू होईल. तोवर गुडघा नीट झाला तर चाकू हातात घे. नाहीतर फाटक."

"ठरलं," ती म्हणाली. "तुझ्या फाटकाला गंज चढेल, पण मी त्या खुर्चीत बसणार नाही."

घरी येऊन तिनं सुनेला सांगितलं, "त्या डॉक्टरची वेळ घे. गुडघा बदलायचाय." दोन वर्षं सून हेच सांगून थकली होती. ती बिचारी हातातलं पीठ तसंच ठेवून उठली.

तयारी म्हणजे नुसता ताप. डॉक्टरनं आधी साखर आटोक्यात आणायला सांगितली, मग दात तपासायला धाडलं. तिथं किडलेल्या दोन दाढा निघाल्या. "दुखणं गुडघ्याचं आणि उपटतायत दाढा!" गाल सुजवून ती गावभर सांगत सुटली. सून समजावायची, "अहो आई, दातातला जंतू रक्तातून नव्या गुडघ्यात जाऊन बसतो म्हणे." रोज सकाळी खाटेवर पाय लांब करून मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. आकडे सून मोजायची, आणि सात झाले की सासू म्हणायची, "दहा झाले." लेकानं खाटेच्या पायांखाली विटा घालून खाट उंच केली, पाय अडकू नये म्हणून दारातलं गोणपाट उचललं, मधे भोक असलेली एक खुर्ची आणली. ती खुर्ची टेम्पोतून उतरताना सगळ्या आळीनं बघितली. जाऊबाईंनी तर येऊन बसूनही बघितलं.

"या वयात हाडं कापून घ्यायची कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "राहिलीत किती वर्षं? बसावं गप देवाचं नाव घेत."

"देवाचं नाव तुम्ही घ्या, तुमचा आवाज चांगला आहे. मला पावसाच्या आत उभं राहायचंय."

थंडी सरता सरता ऑपरेशन झालं. कमरेत सुई टोचून खालचं अंग बधिर केलं होतं, डोकं अर्धवट जागं. पडद्यापलीकडून करवत चालल्याचा आवाज आला, मग हातोडा. "सुताराच्या दुकानात झोपल्यासारखं वाटलं बघ," ती नंतर ठेंगणीला सांगायची. दुसऱ्या दिवशी, चालायला देतात त्या चार पायांच्या घोड्याला धरून तिला उभं केलं. ती चार पावलं चाललीही. तोपर्यंत सगळं तिच्या मनासारखं होतं.

मग व्यायामवाली आली. काटकुळी पोरगी, पण हाताला जोर असा की विचारू नका.

"आजी, आता गुडघा वाकवायचा."

"आजी कोणाची गं? आणि काल जोडलाय, आज वाकवतेस?"

"आजच वाकवायचा. रोज चार वेळा. घरी गेल्यावरसुद्धा."

पोरीनं टाच मागं ढकलली तशी कलमवालीनं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. पाच दिवस हा जुलूम चालला. घरी सोडताना पोरीनं पुन्हा बजावलं, आणि हिनं मान डोलावली. मनात मात्र हिचं पक्कं ठरलं होतं.

चाळीस वर्षं तिनं नव्या पोरींना एकच धडा दिला होता: जोड दिला की हलवायचा नाही. वीस-बावीस दिवस कलमाला बोटसुद्धा लावायचं नाही. वारा लागला, पिशवी कलंडली, पट्टी सैल झाली की काडी सुकलीच. आणि ही कालची पोर म्हणते, रोज चार वेळा हलवा! डॉक्टर शिकलेले असतील, पण सांधा धरणं म्हणजे काय ते त्यांना काय कळणार? तिनं मनाशी हिशेब केला. वीस दिवस हलवायचा नाही. एकविसाव्याला बघू.

सून कामाला गेली की ही दार लोटायची. खाटेखाली फळीचा तुकडा आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लपवल्या होत्या. पायाखाली फळी घ्यायची, जखम मोकळी ठेवून वर मांडीला आणि खाली पोटरीला पट्ट्या आवळायच्या. गाठसुद्धा कलमाचीच. सून यायच्या आत सगळं सोडून पुन्हा खाटेखाली. "केला का व्यायाम?" "केला की. घामाघूम झाले." आणि घामाघूम ती असायचीच, उन्हाळा तोंडावर आला होता, पत्रा तापत होता.

एकविसाव्या दिवशी गाठी सोडल्या आणि गुडघा वाकवायला गेली, तर तो वाकेना. ढकलला, तरी वाकेना. आतून कोणीतरी कडी घातल्यासारखा.

त्याच आठवड्यात दाखवायला जायचं होतं. व्यायामवालीनं कोन मोजायची पट्टी लावली. "पन्नास," ती म्हणाली. "घरी सोडलं तेव्हा सत्तर होता. आजी, खरं सांगा, घरी काय करता?"

"सांगशील तेच करते."

"मग मांडीवर हे वळ कसले?"

सुनेनं वाकून बघितलं. पट्ट्यांचे वळ स्पष्ट दिसत होते, मांडीवर दोन आणि पोटरीवर दोन. सून मटकन खाली बसली. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस देतो. काटकोनात वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन जोरानं वाकवावा लागेल. आणि तेही लांबवलं, तर आयुष्यभर हा पाय असा काठीसारखा राहील."

डॉक्टर गेल्यावर कलमवालीचा आवाज चढला. "मी मुद्दाम केलं का? जोड दिलेली जागा हलवली तर धरते का? चाळीस वर्षं माझी कलमं धरतायत ती काय उगीच?"

पोरगी हसली नाही. स्टूल ओढून समोर बसली. "कसं करता कलम, सांगा बरं."

हिनं सगळं सांगितलं. चीर, पाचर, पट्टी, वीस दिवस. पोरीनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची काडी ओली असते, जिवंत असते. तिला खुंटात मुरायला दिवस लागतात. हा गुडघा धातूचा आहे. हाडावर सिमेंटनं बसवलाय, तो त्याच दिवशी पक्का झाला. त्याला काही धरायचं नाहीये. पण भोवतीचं मांस जिवंत आहे ना? ते शेजारच्याला चिकटतं. तुम्ही पट्ट्या बांधून वीस दिवस बसलात, आणि आत नको ते नको त्याला धरून बसलं. कलम तुमचं झालं, आजी, अगदी छान झालं. पण भलत्याच ठिकाणी."

कलमवालीनं मांडीवरच्या वळावरून बोट फिरवलं. म्हणाली, "हे तेव्हाच सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"बरं. मग हे मोडायचं कसं, तेवढं सांग. पुन्हा भूल-बिल काही नको. मीच बांधलंय, मीच मोडीन."

ते पंधरा दिवस आळीच्या अजून लक्षात आहेत. खुर्चीत बसायची, पायाखाली गुळगुळीत पत्रा, आणि टाच मागं सरकवायची. टाच जिथवर पोचली तिथं फरशीवर खडूची रेघ. दुसऱ्या खेपेला रेघेच्या मागं गेली पाहिजे, केसभर का होईना. चांगला पाय दुखऱ्यावर टाकून मागं रेटायची आणि तोंडानं अशा शिव्या द्यायची की लेक अंगणात जाऊन उभा राहायचा.

"कोणाला देताय एवढ्या?" सून आकडे मोजता मोजता विचारायची.

"गुडघ्याला. आणि थोड्या मलाच. तू मोज. आणि सातावर दहा म्हणू नकोस हं!"

उन्हानं जमिनीला भेगा गेल्या होत्या, पत्र्याखाली खोली भट्टीसारखी फुलायची, पायावर बर्फाची पिशवी ठेवली तर घटकाभरात पाणी. रात्री गुडघा ठणकायचा, सकाळी पहिली रेघ गाठताना डोळ्यांत पाणी यायचं. एकदा जाऊबाई दारातून म्हणाल्या, "सोडा आता. काठी घेऊन चालताय ना, पुष्कळ झालं."

"जाऊबाई, आत येऊन पाय तरी रेटा, नाहीतर दार लावून घ्या."

पंधराव्या दिवशी पोरीनं पट्टी लावली. ब्याण्णव. तिनं पुन्हा लावून बघितली. तरी ब्याण्णवच.

"वरचे दोन तुला," कलमवाली म्हणाली.

पण निघताना डॉक्टरांनी ऐकवलंच. चाला, जिने चढा, खुर्चीत बसा, काय ते करा. उकिडवं बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही. कधीच नाही. घरी येईपर्यंत ती टेम्पोतून बाहेर बघत बसली. सुनेला वाटलं, आता बाई खचली.

पाऊस सुरू होऊन आठ दिवस झाले आणि जाळीखाली हंगाम लागला. माती चिकट झाली, हवेला ओल्या पानांचा वास. कलमवाली काठी टेकत आली, कनवटीला चाकू. फाटकाशी खरंच खुर्ची ठेवलेली होती. तिच्याकडे न बघता ती आत गेली.

"बसता येतं का खाली?" मालकानं विचारलं.

"नाही."

"मग आपलं ठरलं होतं."

"गुडघा नीट झाला तर चाकू, असं ठरलं होतं. गुडघा नीट आहे. खाली बसायचं ठरलं नव्हतं." तिनं बाजूला पडलेल्या जुन्या दाराकडे काठी केली. "ते दार दोन पिंपांवर टाक. वर पिशव्या मांड. मी उभ्यानं करते."

"पिशव्या उचलायच्या? मुळं दुखावतात."

"ट्रकमध्ये भरून दोनशे कोस धाडतोस तेव्हा नाही दुखावत? तेव्हा काय गाणी म्हणतात?"

बायका फिसकन हसल्या. मालक चिडला. "दुपारपर्यंत बाकीच्यांएवढी झाली तर बोल. नाहीतर मुकाट खुर्चीत बसायचं. आणि पिशव्या उचलून कोण देणार तुला?"

"मी देते," ठेंगणी म्हणाली. "माझीही करते आणि हिलाही देते."

कलमवाली दारापाशी उभी राहिली. पहिल्या पाच-दहा काड्यांची पाचर तिरकी निघाली, पुन्हा तासावी लागली. सहा महिने चाकू धरला नव्हता. मग हाताला जुनी ओळख पटली. चीर, पाचर, पट्टी, टोपी. चीर, पाचर, पट्टी, टोपी. पुढं सरकायचं नाही, वाकायचं नाही, दर खेपेला कमरेवर हात ठेवून उसासा नाही. नव्या गुडघ्यात कळ यायची तेव्हा ती भार डाव्यावर घ्यायची, पुन्हा उजव्यावर. पाऊस जाळीवर ताडताड वाजत होता आणि तिच्या डोळ्यांत मातीची उडती चिळकांडी येत नव्हती, हे तिच्या अर्ध्या दिवसानं लक्षात आलं.

जेवणाच्या सुट्टीत मालकानं स्वतः मोजलं. बाकीच्यांत सगळ्यांत जास्त ठेंगणीची, एकशे दहा. कलमवालीची एकशे एकोणतीस.

"बघू धरतात किती," तो पुटपुटला.

"बघ की. वीस दिवस थांब. आणि हात लावू नकोस."

वीस दिवसांनी काड्यांना तांबूस कोंब फुटले. एकशे एकोणतिसातली चार गेली होती. मालकानं दुसऱ्यांदा मोजलं आणि पाठ वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा रांगेतली ठेंगणीची जागा रिकामी होती. ती दाराच्या पलीकडच्या बाजूला चाकू घेऊन उभी होती. दार छातीला लागत होतं, म्हणून पायाखाली दोन विटा घेतल्या होत्या.

"तुझा कुठं गुडघा बदललाय?" मालक ओरडला.

"नाही बदललेला. तो बदलावा लागू नये म्हणून उभी आहे."

खाली रांगेत बसलेल्या बायकांचे हात थांबले. एकीनं मातीत हात रोवला आणि कण्हत उठली. तिच्या मागोमाग दुसरी.

"अरे, सगळ्याच उभ्या राहिलात तर कसं व्हायचं!" मालकानं कपाळाला हात लावला. "एवढी दारं आणायची कुठून मी?"

कलमवालीनं हातातल्या काडीवरून नजर वर केली नाही. पट्टीची गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं.

"फाटकाचं आण," ती म्हणाली. "तिथं काही कोणी बसत नाही."