टॉबीची मेख

मेखेवरचे दातांचे वण अजून तसेच होते... चार खोल खळगे आणि खाली एक लांब ओरखडा. अंगठा फिरवला की एकेक दात हाताला लागे. तंबूच्या बाकीच्या मेखा साहेबाने दोनदा बदलल्या, पण ही सागाची मेख कमळू दर वर्षी मुक्काम हलला की आपल्या घरी नेई आणि पुढल्या हिवाळ्यात परत आणी, कारण साहेबाच्या कुत्र्याने, टॉबीने, पिल्लू असताना ती चावली होती, आणि तेव्हापासून टॉबीची साखळी हिलाच बांधायची असं ठरून गेलं होतं – कमळूचं आणि कुत्र्याचं. साहेबाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबाला ठाऊक नसलेल्या किती गोष्टी आपण त्याच्यासाठी करत आलो, हे आज आठवून कमळूला स्वतःचीच चीड येत होती.

सकाळी ही चीड नव्हती. सकाळी तो खुशीत होता, अगदी मूर्खासारखा खुशीत. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतला हा मॉर्टन साहेब नऊ वर्षं पौषात आठ दिवसांसाठी यायचा – मुरबाडपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. जागा बघायची आणि तंबू ठोकायचा, ते काम कमळूचं. पहिल्या वर्षी मडमेने कमळूला एक रंगीत कार्ड दाखवलं होतं. त्यांच्या मुलखातलं तळं, मागे डोंगर, काठावर पांढरा तंबू आणि तंबूपुढे बसलेला कुत्रा. अशी जागा हवी, शांत, आणि कुत्र्याला मोकळं सोडता येईल अशी. कमळूने ते कार्ड बाजारातला बैल बघावा तसं उलटसुलट करून बघितलं आणि सांगून टाकलं, की हा तंबू चुकलाय, डोंगरावरून पाणी आलं तर सरळ आत घुसेल, तो त्या झाडाच्या अंगाला पाहिजे होता. साहेब पोट धरून हसला. म्हणाला, मी घरी परत जाईन तेव्हा तुला कार्ड पाठवीन, तंबू कुठे लावायचा ते तूच सांगायचं.

साहेब हसण्यावारी बोलला असेल. कमळूने मात्र ते मनाशी धरलं. बांधावर बसला की तो त्या परक्या तळ्याकाठी तंबू ठोकायचा. वारा या अंगाने येत असेल, चूल तिकडे... आणि टॉबीची मेख पाण्यापासून दहा पावलांवर, म्हणजे म्हातारपणी त्याला लांब चालावं लागायचं नाही. तंबू शंभरदा हलवला असेल, पण कुत्रा प्रत्येक वेळी तिथे होता. स्वतःला त्याने त्या कार्डात कधी घातलं नाही. एवढी अक्कल आपल्याला होती, असं त्याला वाटायचं.

यंदा मुरबाडच्या मास्तरांकडे साहेबाची चिठ्ठी आली. लढाई संपली, आता आम्ही कायमचे जाणार. या खेपेला सगळ्यांत शांत जागा बघ, जिथे कुणी फिरकत नाही आणि जी टॉबीला आवडेल अशी. कमळू खळ्यावरची झोडणी अर्धी टाकून निघाला. राही, त्याची बायको, कावली, की भात उघड्यावर पडलंय आणि हे निघाले कुत्र्याला जागा बघायला. तीन दिवस काळू नदीचा काठ तुडवून त्याने हे वळण निवडलं. उंबराची सावली, गुरांची वाट नाही, पाणी गुडघ्याएवढं, म्हाताऱ्या कुत्र्यालाही उतरता येईल असं.

भीती एकच होती. या रानातला बिबट्या माणसाला सहसा हात लावत नाही, पण कुत्रं माणसाच्या मांडीवरूनही उचलून नेतो. त्यासाठी शिवेवर वाघोबा होता, शेंदूर फासलेला दगड. कमळू दरवर्षी त्याच्यासमोर नारळ ठेवायचा, दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि म्हणायचा, "आठ दिस हा कुत्रा आमचा पावना हाय. याला हात लावू नको. आमी पन त्या जागेवर रगत सांडनार नाय." उजवी पाकळी आधी पडली की देवाने ऐकलं. नऊ वर्षांत डावी कधी पडली नाही. तिसऱ्या वर्षी तर चुलीच्या राखेपर्यंत पंजे उमटले होते, आणि तिथूनच मागे वळले होते. टॉबी तेव्हा चार हातांवर घोरत पडलेला.

आणि आज दुपारी साहेबाचा स्वयंपाकी भिमा, शहापूरकडचाच माणूस, कांदे चिरता चिरता सहज म्हणाला, की बोटीची तिकिटं दोनच काढलीत. तिकडे परमुलखातल्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवतात म्हणे, हा म्हातारा काही टिकायचा नाय. साहेब उद्या न्याहारी झाली की त्याला गोळी घालनार. म्हणून तर अशी जागा मागितली. हितंच पुरायचा हाय.

कमळूला आधी कळलंच नाही. मग कळलं.

तो साहेबाकडे गेला. साहेब खुर्चीत बसून पाइप भरत होता, मडम नदीकडे तोंड करून बसली होती, तिचे डोळे सुजलेले. कमळू आयुष्यात साहेबाकडे काही मागायला गेला नव्हता, त्यामुळे मागायचं कसं हेच त्याला येईना. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, कुत्रा मला द्या."

साहेबाने त्याच्याकडे मायेने पाहिलं. तेच जास्त लागलं. "नाय, कमळू," तो म्हणाला. "तुझा घर त्याला जमनार नाय."

हा 'नाय' साहेब कमळूकडूनच शिकला होता. मग तो सावकाश समजावत राहिला – टॉबीला मटण लागतं, औषध लागतं, गादी लागते, तुमच्याकडे हाल होऊन मरेल, नाहीतर बिबट्या नेईल, त्यापेक्षा इथे, त्याच्या आवडीच्या जागी, त्याला कळणारसुद्धा नाही. जागा तू फार छान निवडलीस म्हणाला. थँक्यू म्हणाला.

केसाने गळा कापला की हो. गादी लागते म्हणे! थंडीच्या दिवसांत हाच टॉबी गादी सोडून कमळूच्या घोंगडीत शिरायचा, पायाशी मुटकुळं करून पडायचा, आणि साहेब सकाळी हाका मारत फिरायचा. आमच्या घरात माणसं जगतात, पोरं जगतात, बैल जगतात, आणि एक म्हातारं कुत्रं जगलं नसतं? विचारायचं तरी होतं... नऊ वर्षांत एकदा तरी त्याच्या मनात आलं असतं, की कमळू आहे. आलंच नाही. आणि जागा मी शोधली. माझ्या पायांनी तीन दिवस हिंडून मी याच्या मरणाची जागा शोधली, सावली बघितली, पाणी बघितलं, वर वाघोबाला सांगून आलो, की रगत सांडनार नाय. देवाला आता काय तोंड दाखवू? वाघाने नऊ वर्षं शब्द पाळला. वाघाचं भय, म्हणून मी वाघाकडून शब्द घेतला. साहेबाकडूनही घ्यावा हे डोक्यातच आलं नाही. घरच्या माणसाकडून कुणी शब्द घेतं का? घरचं माणूस! कसलं घरचं आणि कसलं काय...

ऊन उंबराच्या शेंड्यावर गेलं होतं. तंबूतून साहेबाची हाक आली, टॉबीला बांधून ठेव.

कमळूने मेख काठाच्या मऊ मातीत उभी केली, साखळीची कडी तिच्यात अडकवली आणि ठोकायची मोगरी उचलली. मग ती तशीच खाली ठेवली. हे आपण ठरवून केलं की हातालाच ते जमलं नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही. मेख नुसती टेकवलेली होती. एका हिसक्यात निघाली असती. पुढे नदी होती, पल्याड गावाची वाट होती, आणि त्या वाटेवर कमळूचं घर टॉबीला डोळे मिटून सापडलं असतं.

जा रे, तो मनात म्हणाला. जा की.

टॉबीने साखळीकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं. मग दरवर्षीसारखी त्या मेखेभोवती एक गिरकी घेतली, जपून, साखळीला ताणसुद्धा न देता, आणि हनुवटी कमळूच्या पायावर टेकून डोळे मिटले. कमळूला त्याचा भयंकर राग आला. इतका विश्वास ठेवतात का कुणावर? नऊ वर्षं... आणि मग हे आपण कुणाला विचारतो आहोत, ते त्याला कळेना. पाय काढून घ्यायला हवा होता. तो तसाच उभा राहिला.