सूसैच्या घरातली ओली पावलं

दुपारचा पश्चिमेचा भाजणारा वारा पडून समुद्रावरचा वारा सुटला, की आमचं अख्खं पुन्नैतुरै गाव सूसैच्या दारात जमायचं. कोरड्या ठणठणीत जमिनीवर हळूहळू पावलं उमटू लागायची. ओली, पाच बोटांची, उंबऱ्याकडून आतल्या खोलीकडे जाणारी. रोज एक पाऊल पुढे. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते, भुताखेतांना भीक घालत नाही. तरी पहिल्या संध्याकाळी माझ्याही अंगावर काटा आला.

सूसै वादळात बोटीवरून वाहून गेला. प्रेत हाती लागलं नाही. समुद्रानं नेलेल्या माणसाचं घर चर्चमधल्या तिसाव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत झाडायचं-धुवायचं नाही, ही आमची रीत. म्हणजे घरात पाण्याचा थेंब सांडलेला नव्हता. मग ही ओल आली कुठून?

"तो येतोय! मेलेल्यांच्या शुद्धीस्थानातून थेट तुमच्या दारात!" ब्रदर जेबराज गरजायचे. "तिकीट नको, पास नको, फक्त प्रार्थना! बोला, हालेलूया!"

हे ब्रदर कुठल्या चर्चचे, ते आमच्या फादरनाही ठाऊक नव्हतं. पण हालेलूयापाठोपाठ दानाची टोपली मात्र न चुकता फिरायची.

आतल्या खोलीत सूसैची बायको सेल्वराणी पलंगावर बसून असायची. पोटुशी. 'तू उपास कर, म्हणजे त्याची वाट मोकळी होईल,' असं ब्रदरनी तिला सांगितलं होतं. दवाखान्यातली नर्स डोकं आपटून गेली, की असंच चाललं तर बाळ राहणार नाही आणि आईही राहणार नाही.

"सेल्वी, दोन घोट पेज घे गं," मी म्हटलं.

"नको, टीचर. थोडीच पावलं उरलीत. पलंगाशी आला की मला घेऊन जाईल." हे सांगताना ती हसत होती.

ब्रदर त्याच घरात भर दुपारीही प्रार्थना घ्यायचे; दुसऱ्या दिवशी मी तिला गेले. ब्रदरनी उंबऱ्यापाशी परातीत मंतरलेल्या मिठाच्या पाण्यानं पाय धुतले. "डोळे मिटा! आत्म्याच्या वाटेकडे बघाल तर आंधळे व्हाल!" सगळ्यांनी घट्ट मिटले. मी नाही मिटले. ब्रदर आदल्या संध्याकाळच्या पावलांच्या जागी जपून पाय ठेवत गेले, एक पाऊल जास्त टाकलं आणि भिंतीकडच्या चटईवरून परत आले. गरम वाऱ्यात ते ओले ठसे बघता बघता सुकले. माणसं बाहेर पडल्यावर मी तिथं बोट फिरवून जिभेला लावलं.

"खारट आहे!" मी बाहेर येऊन सांगितलं.

"मग? समुद्रातून आलेला माणूस काय गोडा असणार, टीचर?" बोटवाले मोत्ता अण्णा म्हणाले. सगळे हसले.

शेवटी सूसैच्या आईकडे, ज्ञानपू अम्माकडे गेले. रोज पहाटे मिस्साला जाणारी बाई, रोजरीची जपमाळ हातातून सुटत नाही. ही मला हाकलणार, असंच वाटलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "कर तुला काय करायचं ते. माझी सून वाचव."

दुसऱ्या दिवशी दुपारची प्रार्थना संपल्यावर मी वाडग्यात दाट मिठाचं पाणी कालवलं, त्यात पाय बुडवला आणि जमिनीवर टेकवला.

संध्याकाळी वारा फिरला. पावलं उमटली. आणि त्यांच्या शेजारी एक वेगळंच, लहानसं पाऊल. गर्दीतून किंकाळी उठली.

"देवदूत!" ब्रदरनी क्षणही दवडला नाही. "सूसैला वाट दाखवायला आलाय!"

"देवदूताला करंगळी नाही वाटतं, ब्रदर?"

माझ्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी बोटीच्या दोरात गेली, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. मी पाऊल त्या ठशावर ठेवलं. तंतोतंत बसलं.

"उन्हात पाणी उडून जातं, मीठ राहतं," मी सांगितलं. "झाडायचं नाही म्हणून धुळीत ते दिसत नाही. संध्याकाळी दमट वारा आला, की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात तुमच्या बरणीतलं मीठ पाझरत नाही का?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "खरंच की!" कुणीतरी पुटपुटलं.

"ब्रदर, जरा तुमचा पाय ठेवा बघू," मोत्ता अण्णा पुढे सरसावले. ब्रदरना एकाएकी दुसऱ्या गावची प्रार्थना आठवली. परात तिथंच टाकून त्यांनी पळ काढला.

लोक हसत होते. तेवढ्यात आतून सेल्वीचा हुंदका ऐकू आला. "म्हणजे तो आलाच नव्हता?"

मी आत जाऊन तिच्याशेजारी बसले.

तिसावा दिवस उजाडायचा होता, तरी ज्ञानपू अम्मानं बादली आणली आणि गुडघे टेकून एकेक पाऊल पुसायला घेतलं. "माझा सूसै देवापाशी आहे. दिसत नाही, तरी मी मानते. दिसलाच असता तर मानायचं काय राहिलं होतं, पोरी? पण आपल्या लेकराला उपाशी मारून वाट मागणारा बाप माझ्या पोटचा नव्हे."

अम्माचा देव मी मानत नाही. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण तेच कुणी दाखवून द्यायला लागला आणि वर तुम्हाला उपाशी राहायला सांगू लागला, तर आधी प्रश्न विचारा, तपासून बघा, आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्या. प्रश्न विचारल्यानं कुणाचा देव पळून जात नाही. पळतो तो भोंदू.

अम्मानं हात धुतले, पेज गरम केली आणि वाटी सेल्वीच्या ओठांना लावली. सेल्वी रडत रडत प्यायली. मग तिनं रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.