निखारा म्हणून बदनाम झालेला फोन

मित्रांनो, काचेवर चरा पडलेला आणि कडा झिजलेला हा म्हातारा फोन तुमच्याशी बोलतो आहे. मान खाली घालावी असं काम मी जन्मात केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कोरियातल्या गुमी शहरातल्या कारखान्यात झाला. तिथे योनसू नावाची मुलगी फोन तपासायची. पहिल्या पगारात आईला लाल गरम कपडे घ्यायची आमच्याकडची रीत. योनसूने मात्र मला घेतलं आणि गावी आईच्या, मालसूनबाईंच्या हातात ठेवलं. "लेकीने स्वतः तपासलाय," असं त्या गावभर सांगत फिरल्या. मी फुशारून जायचो.

त्या हिवाळ्यात शेजारच्या ओकबून आजींच्या घरी माझ्याच जातीचा फोन तापला आणि गोधडी करपली. टीव्हीवाले धावत आले. मला 'निखारा' असं नाव पडलं. चार्जिंगला लावलं की मी थोडा तापायचो, हे नाकारत नाही. पण निखारा? बातम्यांनी राईचा पर्वत केला. कंपनीने फोन परत घ्यायचं ठरवलं.

"मालसून, तुझ्या लेकीने डोळे मिटून तपासले काय गं?" बायका टोमणे मारू लागल्या.

योनसू फोनवर म्हणाली, "आई, देऊन टाक तो परत. मीही राजीनामा लिहिलाय. उद्या देते."

 मालसूनबाई मुळ्याच्या किमचीचा, म्हणजे आमच्याकडच्या तिखट लोणच्याचा, डबा घेऊन तडक शेजारी ओकबून आजींकडे गेल्या.

"आजी, फोन चार्जिंगला कुठे ठेवला होता?"

"कुठे म्हणजे? आमच्या म्हाताऱ्याच्या भाताची वाटी गरम राहावी म्हणून ठेवते तिथेच. थंडीत जमिनीखालून ऊब सोडतो आपण, तेव्हा जमीन सगळ्यात जास्त तापते ना, त्या कोपऱ्यात, गोधडीखाली. थंडीत बॅटरी उतरते म्हणे. म्हटलं, राहू दे बिचारा उबेत."

"टीव्हीवाल्याला सांगितलंत हे?"

"त्याला काय सांगायचं? तोच म्हणत होता, 'आजी, जमीन चटके देतेय, बसायला उशी द्या.'"

ते मात्र बातमीत कुठेच आलं नव्हतं.

संध्याकाळी गावच्या सभागृहात कंपनीचा माणूस फोन गोळा करायला खोकं घेऊन बसला होता. मालसूनबाईंचा नंबर आला. त्याने हात पुढे केला. त्यांनी मला त्याच्या हाती न देता सगळ्यांदेखत लेकीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"योनसू, गोधडी करपली ती आजींच्या मायेने. फोन तापतो थोडा, ते सुधारा तुम्ही. पण राजीनामा फाडून टाक."

"खरंय बाई," मागून ओकबून आजी म्हणाल्या. "मीच पांघरूण घातलं त्याला. पण माझ्या गोधडीचं काय?"

सभागृह हसलं. पलीकडे योनसू हसता हसता रडत होती. ते रडणं माझ्यातून सगळ्यांपर्यंत पोचलं, त्यात एक हुंदकाही तुटला नाही.

मित्रांनो, आम्हाला चार्जिंगला लावाल तेव्हा मोकळी हवा द्या. आणि कुणाला नावं ठेवण्याआधी एकदा शेजारी जाऊन विचारून या. माझ्या मालसूनबाई गेल्या होत्या, म्हणून योनसू आजही फोन तपासते आहे आणि मी अजून त्यांच्याच खिशात आहे.