नेपेस ताबिबचा मेलेला सरडा

जानेवारीत नेपेस ताबिबच्या, म्हणजे आमच्या गावठी वैद्याच्या, अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. काराकुम वाळवंटाच्या कडेवरचं आमचं गाव. एवढी गर्दी इथे लग्नातही होत नाही. कुणी लकव्यानं पडलेल्या बापाला गाडीत घालून आणलेलं, कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. नेपेस पत्र्याचा डबा उघडून सरडा बाहेर काढायचा. राखाडी, ताठ, पोट वर.

"हात लावून बघा! मेलाय ना?"

"मेलाय, मेलाय!"

मग सरडा पवित्र शिळेवर, वर रेशमी रुमाल आणि ताबिबचं पुटपुटणं. पाव तासानं रुमाल हलायचा. सरडा चार पायांवर उभा, गळा निळा, मान वरखाली.

"हो म्हणतोय! दुखणं जाणार म्हणतोय! अन् हा बघा, जबडा उघडला. रोग पितोय तुमचा!"

बायका रडायच्या. मी घरी बसून हसायचे.

हसण्यासारखं काही नव्हतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि नेपेस पूर्वी आमच्या शाळेत बॉयलर पेटवायचा. थंडीत सुट्टीनंतर वर्ग उघडला की माझे पाळलेले सरडे मेल्यासारखे पडलेले असायचे. दिव्याखाली ठेवले की चालू लागायचे. "असं कसं हो, बाई?" त्यानं विचारलं होतं आणि मी हौसेनं सगळं समजावलं होतं. त्या ज्ञानाचं त्यानं दुकान मांडलं.

एके दिवशी शेजारची बायरामगुल म्हणाली, "बाई, आयसोल्तानच्या सुया बंद केल्या मी."

मी हातातला पेला खाली ठेवला. तिची दहा वर्षांची मुलगी आयसोल्तान मधुमेहामुळे इन्सुलिनवर होती.

"कधीपासून?"

"परवापासून. ताबिब म्हणाला, सरडा पाण्यावाचून जगतो, मग पोरीची तहान म्हणजे भुताचीच. सुईनं भूत चिडतं म्हणे. मेलेलं उठवतो बाई तो, डोळ्यांनी पाहिलंय!"

"आत्ताच्या आत्ता सुई दे तिला!"

"तुम्ही मास्तरीण. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

नुसत्या बोलण्यानं ती ऐकणार नव्हती. बर्फात ठेवलेल्या बरणीत मी माझा सरडा गार केला आणि तिला ओढतच अंगणात नेलं. नेपेसचा सरडा नुकताच शिळेवर ठेवला होता. मी पुढे होऊन शिळेला हात लावला. चटका बसला. शिळा बाजूला सरकवली, तर खाली तंदूरमधले निखारे!

"शिळा बाटवली या बाईनं! बाहेर काढा हिला!" नेपेस ओरडला.

मी माझा ताठ सरडा बायरामगुलच्या ओंजळीत ठेवला आणि तिचे हात चहाच्या तापलेल्या समोवारजवळ धरले. "मंत्र नाही, रुमाल नाही. बघ."

सगळे पुढे सरकले. थोड्या वेळानं तिच्या ओंजळीत पाय हलले.

"सरड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही," मी म्हणाले. "गारठला की मेल्यासारखा पडतो, ऊन मिळालं की उठतो. मान हलवतो ती दुसऱ्या नरांना दम द्यायला. जबडा उघडतो तो उष्णता सोसेना म्हणून!"

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे बाईंच्याही हातात गुण आहे तर!"

बायरामगुल मात्र घराकडे धावत सुटली होती; मी तिच्या मागे. आयसोल्तानचा श्वास जोरात चालला होता, तोंडाला सडक्या फळांसारखा वास. हाकेला ओ नाही. सुई टोचून आम्ही गाडी काढली. इस्पितळ तीन तासांवर. दोन तासांनी ती गेली, आईच्या मांडीवर.

सात दिवसांनी बायरामगुल मला म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं सगळं. आधी का नाही आलात?"

मी घरी बसून हसत होते, एवढंच मी तिला सांगितलं.

नेपेसला कुणी हात लावला नाही. तो पुढच्या गावी गेला. तिथंही गर्दी जमली. बायरामगुल दर गुरुवारी बसनं तिथं जाते, त्याच्या दाराबाहेर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते, "माझी मुलगी औषधावर जगत होती. यानं औषध बंद करवलं. आत जायचं तर जा, चमत्कार बघायचा तर बघा. पण तो कसा होतो, ते विचारा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून पोराचं औषध तोडू नका."

बहुतेक जण तिला वेडी समजून आत जातात. गेल्या गुरुवारी एक बाई पोराला घेऊन माघारी फिरली.