सतरा नंबरची काठी आणि एका डोळ्याचा मासा

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी गळाची काठी आहे, असं पूर्वी सांगता आलं असतं. आता मी दोन तुकडे आहे. मुठीकडचा तुकडा हिसाकाकूंच्या कोळशाच्या खोलीचं दार अडवायला लागतो. शेंड्याकडचा तुकडा मागच्या परसात घेवड्याच्या वेलाला आधार देतो. मध्ये भिंत आहे. म्हणून माझी गोष्ट दोघांनी मिळून सांगावी लागते. मुठीला माणसांचे हात कळतात, शेंड्याला पाणी.

मूठ

कासुके नावाच्या म्हाताऱ्याने मला थंडीच्या तोंडावर डोंगरातून तोडून आणलं. वर्षभर सावलीत वाळवलं. मग निखाऱ्यांवर शेकत, वाकाच्या जागी गुडघा रोवून सरळ केलं. तो गुडघा मला अजून आठवतो. माझ्यावर त्याने सुती दोरा गुंडाळला, सतरा हा आकडा कोरला आणि तळ्याकाठी इतर काठ्यांच्या रांगेत उभं केलं.

तळं त्याचंच होतं. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आधी सिमेंटच्या हौदांत यायचं. तिथे ट्राउट मासे वाढायचे आणि वीतभर झाले की तळ्यात यायचे. सुट्टीच्या दिवशी शहरातली कुटुंबं यायची, काठ्या भाड्याने घ्यायची, मासे पकडायची आणि तिथेच मीठ चोळून, सळईला लावून, कोळशावर भाजून खायची. सतरा नंबरला मासा लागतोच, अशी माझी ख्याती होती. माझ्यासाठी मुलं भांडायची. ते दिवस चांगले होते.

कासुकेनंतर त्याची सून, हिसाकाकू, तळं बघू लागली. दारावरची पाटी मात्र तीच राहिली: पकडलेला मासा खायचा, परत सोडायचा नाही. गळ लागलेला मासा सोडला तर तो तळाशी जाऊन मरतो आणि पाणी नासतं. हा नियम आजवर कुणी मोडला नव्हता.

शेंडा

हौदातले मासे सगळे एकसारखा हिसका देतात. दोनदा खाली, एकदा बाजूला. एकत्र वाढलेले, एका वेळी जेवलेले. त्यांची मला कधी भीती वाटली नाही.

एका मे महिन्यात जो मासा लागला, त्याने हिसका दिलाच नाही. एका कुशीवर कलून तो माझ्यावर रेलला. दारामागे कुणीतरी उभं राहून हळूच भार टाकावा, तसा.

मूठ

थांब, आधी हात सांगते. हात लहान होता, तोमोएचा. वय नऊ. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. आठ दिवसांनी तिच्या त्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि डोळा राहीलच असं डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी पोरीला एक दिवस मजेचा मिळावा म्हणून तिचे वडील शिंगो तिला घेऊन आले होते. सोबत शिंगोची आई होती, तात्सुआजी.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. तोमोएचा गळ दर वेळी वीतभर अलीकडे, काठावरच्या गवतात पडायचा. दोरा हातात धरायला गेली की बोटं हवेत मिटायची. वडील मदतीला सरसावले की ती मला घट्ट आवळायची. हिसाकाकू येता-जाता म्हणाल्या, "गवताला मासे लागत नाहीत गं. लागले तर मला सांग, मी गवतच विकीन." तोमोए हसली. त्या हसण्यातच गळ पाण्यात पडला.

मासा वर आला. तो दुधाळ रंगाचा होता. पाठ वाकडी, पर झिजलेल्या खराट्यासारखे. डाव्या बाजूला डोळाच नव्हता. खाच नाही, जखम नाही. नुसतं सपाट कातडं.

शिंगोने घाईघाईने सांगितलं की हौदात दाटी असते, मासे एकमेकांना चावतात, त्यात काही विशेष नाही. आजीने मात्र तोमोएला मागे ओढलं. तिच्या लहानपणी वर डोंगरातल्या देवळामागे झऱ्याचं जे कुंड होतं, त्यातले सगळे मासे असेच होते, ती म्हणाली. ते देवाचे. खाणाऱ्याचा तोच डोळा जातो. याला आत्ताच्या आत्ता सोडा.

हिसाकाकूंनी पाटीकडे बोट केलं. त्यांचाही आवाज बारीक झाला होता. पण गळ माशाच्या घशात खोल गेला होता. सोडला तरी तो मरणारच होता.

"मी पकडला," तोमोए म्हणाली. "म्हणजे मलाच खायचा ना?"

शिंगोने मासा तिच्या हातून घेतला.

"मला भूक लागलीय," तो म्हणाला. "हा माझा. तू दुसरा पकड."

"शिंगो," आजी म्हणाली.

"आई, पोरीसमोर नको."

शेंडा

मला शेगडीजवळ टेकवून ठेवलं होतं, म्हणून पुढचं माझ्या वाट्याला आलं. शिंगोने तो मासा सगळा खाल्ला. सावकाश, काटे बाजूला काढत. खाताना तो तोमोएशी शाळेच्या गप्पा मारत होता. ताटलीत शेवटी फक्त डोकं उरलं, डावी बाजू वर. जिथे सपाट कातडं होतं तिथे, शिजलेल्या माशाचा असतो तसा, पांढरा गोल डोळा उघडा होता.

तोमोएचं तिकडे लक्ष नव्हतं. शिंगोने ताटलीवर कागदी रुमाल टाकला.

मूठ

पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा आले. तोमोएची पट्टी गेली होती. डोळा वाचला होता, दोन्ही डोळ्यांनी तिला लांबचं स्वच्छ दिसत होतं. तिने दुसरी काठी घेतली आणि पहिल्याच फेकीत गळ तळ्याच्या मध्यावर टाकला.

मला शिंगोने घेतलं. त्याने गळ फेकला. तो वीतभर अलीकडे, गवतात पडला. त्याने पुन्हा फेकला. पुन्हा वीतभर अलीकडे. मग दोरा धरायला गेला आणि त्याची बोटं हवेत मिटली.

मित्रांनो, हा हात मोठा होता, पण त्याची चूक माझ्या ओळखीची होती.

"बाबा, माझ्याहून वाईट," तोमोए म्हणाली. हिसाकाकूंनी गवताचा विनोद पुन्हा केला. शिंगो मोठ्याने हसला. त्याने मला डाव्या बाजूला जमिनीवर ठेवलं, डबा घ्यायला वळला आणि त्याचा पाय माझ्यावर पडला. सहाव्या पेरापाशी मी मोडले.

"समोर तर होती की!" तोमोए म्हणाली.

"ऊन आलं गं डोळ्यावर," तो म्हणाला. आभाळ भरून आलेलं होतं.

शिंगोच्या डावीकडे ठेवलेला चहाचा पेला आजीने उचलला आणि उजवीकडे ठेवला. मग भाताच्या गोळ्यांचा डबा. मग चॉपस्टिक्स.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तिला कधी सांगू नकोस."

शेंडा

मी तोवर पाण्यात पडलो होतो. हिसाकाकू मला ओढून काढायला लांब आकडी घेऊन येईपर्यंत तिथेच तरंगत होतो. खालून काहीतरी आलं आणि माझ्यावर रेललं. भार तोच होता. फक्त आता ते एका कुशीवर कललेलं नव्हतं. सरळ होतं.

मूठ

मोडक्या काठीला कोण विचारतं? माझा आकडा पुसट झालाय. तरी एक मागणं आहे. काठी जमिनीवर टाकू नका, उभी ठेवा. आणि तळ्याकाठी एखाद्याचा गळ वीतभर अलीकडे पडला तर हसू नका. त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसा. त्याचा पेला उचलून उजवीकडे ठेवा. का, ते विचारू नका.